अल्लीपूर ते वर्धा, थंड हवेच्या गाडीतून

माझी नात अल्लीपूरहून वर्ध्याला निघाली की गाडीत बसल्याबरोबर एसीचं बटण दाबते. तिनंच मला हा ब्लॉग उघडून दिला. म्हणाली, आजी, त्या रस्त्यावरच्या तुझ्या पहिल्या प्रवासाबद्दल लिही. लिहिते बाई, पण वाचून कुणाला सहलीचा हुरूप येईल असं वाटत नाही.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट, मे महिना. आई वावरात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या वेचायला गेली आणि परत आली ती बरळतच. अंगाची नुसती आग, घामाचा थेंब नाही. कैरीचं पन्हं पोटात ठरेना. गावातल्या वैद्यानं नाडी धरली आणि सरळ वर्ध्याचा दवाखाना सांगितला. सकाळची प्रवासी मोटार कधीच निघून गेली होती. बैलगाडीनं न्यायचं तर त्या उन्हात ती पोचली नसती.

बाबा गावच्या कापसाच्या जिनात फिटर. जिनाच्या शेठजींकडे एक लांबलचक अमेरिकन गाडी होती आणि तिच्यात थंड हवेचं मशीन! आदल्या उन्हाळ्यात बाबा एकदा तिच्यात बसले होते, तर महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. शेठजींनी मागताक्षणी गाडी दिली, खोटं कशाला बोलू. काचा बंद ठेवा, नाहीतर गारवा निघून जाईल, एवढं बजावलं. ड्रायव्हर मारोतराव नवाच होता. जुना संक्रांतीनंतर काम सोडून गेला होता.

निघताना काकू ओलं लुगडं घेऊन धावत आली, आईच्या अंगावर टाकायला. बाबांनी तिला परत पाठवलं.

"थंड हवा लावतो ना आता. तिले ओलं कायले पाह्यजे?"

रस्ता तेव्हा मुरमाचा, वर पिठासारखा फुफाटा. आता डांबर आहे, पण तुम्ही मे महिन्यात जाणार असाल तर उजाडायच्या आत निघा. सावली फारशी नाही आणि वाटेत मिळणारं पाणी कोमट. आम्ही निघालो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मारोतरावांनी बटण दाबलं. मागच्या सीटमागून वारा आला, पण चुलीपुढं बसल्यासारखा. वाटलं, थोड्या वेळानं गार होईल. काचा बंदच ठेवल्या.

गार काही होईना. तेव्हा बाबांनी एका कडुलिंबाखाली गाडी थांबवायला लावली. बंद पडलेलं यंत्र समोर आलं की त्यांना दुसरं काही दिसत नसे, हा त्यांचा स्वभावच. मशीनची पेटी डिक्कीत होती, म्हणून सगळं सामान खाली काढलं. वायरी ओढून पाहिल्या, फ्यूज पाहिला, पंखा पाहिला. पंखा तर छान फिरत होता. मी दार उघडून पदरानं आईला वारा घालत होते. ती मला विचारत होती, विहीर आली का. मारोतराव म्हणाले, निघू या. मीही म्हणाले, मग ओरडले. बाबांचं आपलं एकच, होतेच आता.

मारोतरावांनी रेडिएटरमध्ये पाणी घालायला बॉनेट उघडलं, तेव्हा बाबा पुढं आले. इंजिनाच्या बाजूला थंड हवेचं मशीन फिरवणारं एक चाक होतं, पट्ट्याविना मोकळं. बाबांनी त्याच्या खाचेत बोट घातलं आणि तिथंच धुळीत बसले.

दिवाळीत जुन्या ड्रायव्हरनं त्यांच्याकडे एक पट्टा दिला होता, थंडीत याचं काम नाही म्हणून. कशाचा ते बाबांनी विचारलं नाही. ऐन हंगामात जिनातल्या पंपाचा पट्टा तुटला, यांनी हा चढवला. आमच्या गावात कुठली वस्तू म्हणून रिकामी राहायची नाही. मोटारीच्या ट्यूबचे पोहरे, तुटक्या चाकाच्या लोखंडी धावेचे विळे. कुणाची म्हणून कुणी विचारत नसे.

"मीच लावला तो पंपाले," बाबा म्हणाले. "आजबी फिरून राह्यला असंन."

मग मी काचा उघडल्या, सुरईतलं उरलेलं पाणी आईच्या अंगावर ओतलं आणि आम्ही सुटलो. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, इतका उशीर का केला. दिवस मावळायच्या आत आई गेली.

आम्ही आत होतो तेवढ्यात मारोतरावांनी बाजारात हिंडून मापाचा पट्टा मिळवला होता आणि बसवलाही होता. बिचाऱ्याला काय माहीत! परत येताना मशीन झकास चालू झालं. भर मे महिन्यात मी कुडकुडत होते. मी म्हटलं, मारोतराव, बंद करा ते.

बाबांच्या मांडीवर आईचं डोकं होतं. "बंद नको करू," ते म्हणाले. "तिले गरम होते."

घरी पोचलो तेव्हा काकू दारातच उभी होती, तेच लुगडं पुन्हा ओलं करून हातात. गाडीचं दार उघडून तिनं आधी आईच्या कपाळावर हात ठेवला.

"ताप उतरला वं," ती मला म्हणाली.

बाबा पुढंही फिटरच राहिले, पण त्या पंपाला त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही. मी नातीच्या गाडीत बसले की माझ्या बाजूची काच थोडी खाली करते. ती चिडते, गारवा जातो म्हणते. जाऊ दे.