लंकाबाईंचे श्रीफळ

रांधणाऱ्या हातांना आधी वंदन, मग कथा.

पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या कडेला एक शाळा आहे. तिथे लंकाबाई खिचडी शिजवीत. हाती पळी, ओठी नाम; आणि पोर ताट घेऊन उठले की एकच प्रश्न, "पोटभर घेतली का रं?" आता गुडघे थकले, म्हणून त्यांनी चूल सोडायचे ठरवले. शाळेने सत्कार योजला. इंग्रजी पत्रिका यादव सरांनी रचली आणि तिच्यात एक भारदस्त क्रियापद बसवले : फेलिसिटेट.

"सर, हे काय करणार हायत माझं?" लंकाबाईंनी विचारले. "भाजणार, का तळणार?"

यादव सर इंग्रजीचे शिक्षक. शब्दाचे कूळ सांगितल्यावाचून त्यांच्या गळ्याखाली घास उतरत नसे. ते खुलले. "बाई, अर्थ गौरव करणे. मूळ लॅटिन, फेलिक्स. आरंभी त्याचा अर्थ फळणारा, फळांनी लगडलेला. फळला तो भाग्यवान, भाग्यवान तो सुखी! त्याच्याही मागे गेलात, तर दूध पाजण्याचा धातू. आपली धेनू त्याच घरची लेक!"

सरांचा चेहरा उजळला, लंकाबाईंचा उतरला.

"मग माझं नाव काढा त्या कागदावरनं," त्या म्हणाल्या. "माझ्या झाडाला फळ नाय आलं, सर. गावात ओटी भरायची असली, की मला मागं बसवत्यात. आता मांडवात बसून फळाचा शब्द ऐकू? मी नाय यायची."

पदर सावरीत त्या निघून गेल्या. सरांच्या हातातला चहा तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी सर त्यांच्या दारी गेले. सोबत तेजल होती. ती लंकाबाईंचीच खिचडी खाऊन वाढलेली आणि आता त्याच शाळेत शिकवणारी.

"लंकामावशी, सरांनी अर्धंच सांगितलं," तेजल म्हणाली. "मूळ सांगितलं, वापर राहिला."

सरांनी मान खाली घातली. "बाई, त्या शब्दाचा जुना वापर असा, की एखाद्याला सुखी म्हणून चारचौघांत जाहीर करणं. तुम्ही फळलात की नाही, ते तुम्ही सांगायचं नाही. ज्यांनी खाल्लं, त्यांनी सांगायचं."

"आणि मी खाल्लंय," तेजल म्हणाली. "आई पहाटेच बागेत कामाला जायची. दुपारी तू वाढायचीस. तळाची खरवडसुद्धा मलाच द्यायचीस."

"तू भांडून घ्यायचीस, भवाने!" लंकाबाई म्हणाल्या, आणि रडता रडता हसल्या.

सत्काराच्या दिवशी त्या आल्या. शाल आली, श्रीफळ आले. सत्काराचे नारळ बहुधा फुटत नाहीत. या मांडवातून त्या मांडवात फिरत राहतात. लंकाबाई मात्र व्यासपीठावरून थेट उतरल्या आणि त्यांनी पायरीच्या दगडावर नारळ फोडला.

"फळ हाय ना? मग कपाटात कशाला? वाटायचं!"

काय तो आनंद! मुले धावली, माजी विद्यार्थी धावले, रस्त्यावरचे टेम्पो उभे करून चालक उतरले. ओटीच्या वेळी त्यांना मागे बसवणाऱ्या बायांनीही ओंजळ पुढे केली, आणि लंकाबाईंनी त्या ओंजळींतही खोबरे ठेवले. अन्नपूर्णा याहून निराळी ती काय असणार?

शेवटचा तुकडा यादव सरांना मिळाला.

"पोटभर घेतलं का, सर?"

सरांचे तोंड खोबऱ्याने भरलेले होते. शब्दाचे कूळ त्या दिवशी त्यांनी कोणालाही सांगितले नाही.