गटारातला गर्डर

पनवेलच्या मासळी बाजारामागच्या गल्लीत मालूची सुक्या मासळीची टपरी होती. नवरा जगन कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाल होता. त्यानेच ती उभी करून दिली, आणि पुढच्या वर्षी तापाचं निमित्त होऊन तो गेला. त्या टपरीवर मालूने मुलाला, प्रितमला, वाढवलं, त्याचं लग्न केलं, भाविकासारखी सून आणली.

गल्लीचं दुखणं एकच, गटार. जरा पाऊस झाला की काळं पाणी वर यायचं. नवीन पनवेलहून आलेल्या बायका नाकाला रुमाल लावून गल्लीच्या तोंडावरूनच माघारी फिरायच्या. मालू रोज गटाराला शिव्या घालायची. पण शिव्या म्हणजे काही तक्रार नव्हे.

एके दिवशी भाविकाने फोन काढला. "आई, पालिकेच्या ॲपवर फोटो टाकते. जागा आपोआप कळते त्यांना."

"टाक. पन फोटोला वास येत नाय, तेवढं लिहून टाक."

दोघी हसल्या आणि विसरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत पालिकेची गाडी येऊन थांबली. निनाद नावाचा तरुण इंजिनीअर उतरला. "तक्रार कुणाची?"

"माजी!" मालू ऐटीत पुढे झाली. इतक्या लवकर कोणी येईल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्याच्या माणसांनी गटाराचं झाकण उचललं आणि चाकांचं एक छोटं यंत्र आत सोडलं. त्याला दिवा होता, कॅमेरा होता. आतलं सगळं निनादच्या हातातल्या पडद्यावर दिसू लागलं. शेजारचा घड्याळवाला ताहेर दुकान सोडून आला. सगळी गल्ली पडद्याभोवती गोळा झाली.

चिखल, उंदीर, शेवाळलेल्या भिंती. मग यंत्र अडलं. समोर पिशव्या, गोणपाट, चिंध्या यांचा डोंगर होता, आणि त्या डोंगराला धरून ठेवणारा एक लोखंडी गर्डर, सिमेंटमध्ये पाय रोवून उभा. निनादने पडद्यावर नकाशा उघडला. लाल ठिपका बरोबर मालूच्या टपरीखाली लुकलुकत होता.

मालू पडद्यावर वाकली. गर्डरवरचा पिवळा पट्टा तिने ओळखला. जगनने तो खांद्यावरून आणला होता. त्या संध्याकाळी त्याच्या सुजलेल्या खांद्याला तिनेच तेल चोळलं होतं. "आता टपरी हलायची नाय," एवढंच तो म्हणाला होता. गर्डर कुठे रोवला, ते तिने कधी विचारलंच नाही.

"ह्यो... माज्या मानसाचा हाय," ती कशीबशी म्हणाली.

निनादने आवाज खाली आणला. "मावशी, हा काढल्याशिवाय पाणी जाणार नाही. आणि काढला तर टपरी राहणार नाही."

"या अल्ला!" ताहेर ओरडला. त्याच्या दुकानापुढची, गटारावर बांधलेली पायरीही आता जाणार होती. "मालूबाय, स्वतःच्या पायावर धोंडा मारलात तो मारलात, मलाही बुडवलंत!"

भाविका रडकुंडीला आली. "साहेब, तक्रार मागे घेते मी."

मालू पडद्याकडे बघतच राहिली. इतकी वर्षं ती ज्याच्या आधारावर बसली होती, तो तिला पहिल्यांदा दिसला, आणि दिसला तो असा.

"मागं काय घेतेस?" ती म्हणाली. "आपल्यामुलंच तुंबलंय. काढा, साहेब."

मासळीच्या टोपल्या बाहेर निघाल्या. टपरी उतरली. क्रेनने ओढल्यावर गर्डर करकरत वर आला आणि पाणी धो धो करत सुटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालू समोरच्या ओट्यावर दगडासारखी बसून होती. भाविकाने पुढे केलेला चहा तिच्या हातात तसाच निवला.

नंतर बरेच दिवस ती रस्त्याकडेला टोपली घेऊन बसली. कोणी भाव विचारला तरी दचकायची. ताहेर तिच्याकडे बघतही नव्हता. निनादच्या सांगण्यावरून भाविकाने फोनवरूनच सासूची फेरीवाली म्हणून नोंदणी केली. ओट्यांची सोडत निघाली आणि त्याच गल्लीच्या टोकाला मालूला पक्का ओटा मिळाला. बाजारातली दुकानंही पालिकेच्या ॲपवर दिसू लागली. गल्लीत आता वास नव्हता. नवीन पनवेलच्या बायका रुमाल न काढता आतपर्यंत येऊ लागल्या. परदेशी जाणारे लोक फोनवरून सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, मागवू लागले. भाविका ते हवाबंद पिशव्यांत भरून द्यायची, आणि प्रितम रिक्षातून पोचवायचा. आईच्या धंद्यात तो पहिल्यांदाच हात घालत होता.

एका दुपारी ताहेर ओट्यासमोर येऊन उभा राहिला. मालूने हातातली तागडी खाली ठेवली. आता हा काय बोलतो?

"आमच्या घरच्या सकीनाने सोडे मागवलेत," तो म्हणाला. "चांगले बघून द्या."

मालूने त्याच्याकडे नीट पाहिलं. "आनि पायरीचं काय?"

"पायरी गेली. पण गिऱ्हाईक येतंय हो, मालूबाय. गटारावरून उडी मारून का होईना, येतंय."

मालूला हसूही आलं आणि रडूही. तिने सोडे तोलले आणि वर मूठभर जास्तीचे घातले.