खंडेनवमीचा मदरबोर्ड

आमच्या घरात एक गोष्ट बरीच वर्षं सांगितली जाते. माझ्या नातीने अकरावीत असताना हट्टाने गेम खेळायचा कॉम्प्युटर घरीच जोडायला घेतला, घाईघाईत प्रोसेसर तिरका बसवला आणि नवाकोरा मदरबोर्ड निकामी केला. ही गोष्ट कल्याणला तिच्या मामाकडे माहीत आहे, आमच्या सोसायटीत माहीत आहे. ती खोटी आहे. मदरबोर्ड मी निकामी केला. हे मी घरच्यांना तोंडी सांगितलेलं आहे, तरी लिहायची गरज का पडली, ते पुढे येईल.

मी डोंबिवलीत, मानपाड्याच्या बाजूच्या एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे नातीने पार्ट निवडायला घेतले तेव्हा सल्लागार म्हणून माझी नेमणूक झाली. खरं तर मीच स्वतःला नेमून घेतलं. तिला सल्ला नकोच होता. तिने व्हिडिओ बघून, मैत्रिणीच्या भावाला विचारून सगळं पक्कं केलं होतं. तिला फक्त ऐकणारं कुणीतरी हवं होतं.

दुपारी ती शाळेतल्यासारखी मला शिकवायची. "आजोबा, ग्राफिक्स कार्ड भारी घेतलं आणि प्रोसेसर साधा घेतला, तर कार्ड नुसतं वाट बघत बसतं. त्याला बॉटलनेक म्हणतात."

"म्हणजे मोटार मोठी आणि केबल बारीक."

"तसंच काहीतरी. पण तुमची केबल गरम होते. इथे फक्त गेम अडकतो."

तिच्या वडिलांनी एक रक्कम ठरवून दिली होती आणि तिच्यात सगळं बसवायचं होतं. खेळ खरा तोच होता. प्रोसेसर एक पायरी वर नेला की रॅम अर्धी व्हायची. रॅम वाढवली की कार्ड खाली यायचं. कॅबिनेट ती सर्वात शेवटी, उरलेल्या पैशांत घेणार होती. आणि पॉवर सप्लायमध्ये मात्र एक रुपयाही वाचवायचा नाही, असं तिनेच मला बजावलं. मी नोकरीत नव्या पोरांना हेच सांगत आलो होतो. मला तिचा फार अभिमान वाटला. तो मी बोलून दाखवला नाही. आमच्या पिढीला ती सवय नव्हती.

कॅबिनेट काचेच्या बाजूचं आणि आत रंगीत दिव्यांचे पंखे असलेलं निघालं. फोटो बघून माझी बायको म्हणाली, "नवरात्र जवळ आलंय म्हणून घरातच टेंभी नाक्याच्या देवीची रोषणाई करणार का गं?"

"आजी, तेच सगळ्यात स्वस्त होतं. दिवे नसलेलं महाग आहे."

"उलटाच कारभार!"

ठाण्यातल्या एका दुकानातून आम्ही सगळे खोके आणले. दुकानदार म्हणाला, इथेच जोडून देतो. मुलगाही घरून निघताना तेच म्हणाला होता. नात म्हणाली, "मग मी काय करू? जोडणं हेच तर मला करायचंय." येताना रिक्षात बाकीचे खोके पायाशी होते आणि मदरबोर्डचा तिने मांडीवर घेतला होता. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी तो किंचित उचलायची.

दसरा अगदी तोंडावर होता. दसऱ्याच्या दिवशी जोडायचं ठरलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. कंपनीत हा आमचा मोठा दिवस असे. सगळी यंत्रं पुसून, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा व्हायची. माझा पहिला फोरमन पूजेच्या बाबतीत कडक होता. पॅनेलच्या दाराला कुंकू लावलेलं त्याला चालायचं नाही. तो म्हणायचा, "दार काय काम करतं का? जे काम करतं त्याला लाव." म्हणून आम्ही सप्लाय बंद करून पॅनेल उघडायचो आणि आतल्या भागांना बोट लावायचो. फोरमन गेला, तरी मी निवृत्त होईपर्यंत हे पाळलं. घरीसुद्धा खंडेनवमीला माझे पक्कड, टेस्टर, मीटर पाटावर मांडले जातात.

त्या सकाळी नात क्लासला गेली होती. मी पाटावर माझी हत्यारं मांडली आणि मनात आलं, घरात नवं यंत्र आलंय, त्याची पूजा नको का? तिचे सगळे खोके आणून मांडले. आता खोक्यांना कुंकू लावण्यात अर्थ नव्हता. एकेक उघडत गेलो. कार्डाला लावलं, पॉवर सप्लायला लावलं. मदरबोर्डच्या मधोमध प्रोसेसर बसायच्या जागी एक काळं प्लॅस्टिकचं झाकण होतं. जे काम करतं ते त्याच्याखाली होतं. मी नखाने झाकण काढलं.

आत अतिशय बारीक सोनेरी टोकांची दाटी होती. इतकी बारीक, की चष्म्याशिवाय मला तो एक सपाट, चकचकीत पत्राच वाटला. मी अनामिकेने त्यावर ओलं कुंकू टेकवलं.

आणि लगेच माझ्यातला मेंटेनन्सवाला जागा झाला. कॉन्टॅक्टवर ओल! जन्मभर आम्ही कॉन्टॅक्ट स्वच्छ कपड्याने पुसत आलो. मी खिशातला धुतलेला रुमाल काढला आणि पुसलं. रुमालाचा धागा कुठेतरी अडकला. मी तो हलकेच ओढला. मग चष्मा लावून पाहिलं. एका कोपऱ्यातली काही टोकं वाऱ्याने भात आडवा व्हावा तशी कलली होती.

मी झाकण परत लावलं, बाकीच्या पार्टांवरचं कुंकू पुसलं आणि खोके होते तसे बंद केले. वरून प्रोसेसर दाबला जाईल तेव्हा टोकं आपोआप जागेवर बसतील, असं स्वतःला सांगितलं. मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. तरीही मी ते इतक्या ठामपणे सांगितलं की संध्याकाळपर्यंत मला ते पटलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं वाटून झाल्यावर तिने जोडायला घेतलं. मी शेजारी खुर्चीत होतो. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पाहणारा दुसरा साक्षीदार नव्हता. तिने आधी हात धुऊन कोरडे केले. खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. झाकण काढलं, पण आत डोकावली नाही. नव्या कोऱ्या वस्तूत कशाला कुणी डोकावेल? प्रोसेसर कडेने धरला, कोपऱ्यातली खूण जुळवली आणि सरळ खाली ठेवला. दाबला नाही. तिरका तर अजिबात ठेवला नाही. कंपनीत माझ्या हाताखाली जी माणसं होती, त्यांच्यात इतक्या सावकाश काम करणारा मला आठवत नाही.

बटण दाबल्यावर पंखे फिरले, रंगीत दिवे लागले. पडदा काळाच राहिला. मदरबोर्डवर एक बारीक लाल दिवा पेटला तो विझेना. तिने सगळं काढलं, पुन्हा लावलं, रॅम एकेक करून पाहिली. जेवायला हाका मारल्या तरी उठली नाही.

मुलगा, ती आणि मी मदरबोर्ड घेऊन दुकानात गेलो. तिथल्या माणसाने भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "पिना वाकल्यात. प्रोसेसर तिरका टाकलात. हे वॉरंटीत नाही येत."

मुलगा म्हणाला, "तरी सांगत होतो, इथेच जोडून घे. पण ऐकायचंच नाही कुणाचं!"

मी तिथेच उभा होतो. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "काहीच करता येणार नाही का?"

परत येताना ती मला म्हणाली, "सॉरी आजोबा. तुम्ही इतके दिवस माझ्याबरोबर बसलात."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होतं असं. शिकताना होतं."

पिना वाकवणं ही चूक होती. म्हाताऱ्या माणसाकडून, देवाधर्माच्या भरात, चुकून झालेली. पण हे वाक्य चूक नव्हतं. माझ्या गुन्ह्याबद्दल मी तिला क्षमा केली आणि वर समजूतदार आजोबा ठरलो. त्या दिवशी खरं बोलायला मला काय अडचण होती? कुणी मला घराबाहेर काढणार नव्हतं. पण सोसायटीत मोटार बिघडली की वायरमनच्या आधी मला बोलावतात. माझा हात चुकत नाही, अशी माझी ख्याती होती आणि ती मला हवी होती. एवढंच कारण. याहून मोठं शोधून सापडलं नाही.

मुलाने दुसरा मदरबोर्ड आणला, दुकानातच सगळं जोडून घेतलं आणि कॉम्प्युटर उत्तम चालला. तिने निवडलेल्या पार्टांत एकही चूक नव्हती, पण त्याबद्दल कुणी बोललं नाही. बोललं गेलं ते एकाच गोष्टीबद्दल. भाऊबीजेला मामा आला की सुरुवात व्हायची, "इंजिनियरबाई, मिक्सरकडे बघू नका हं, चालू आहे बिचारा!" ती हसायची. पुढे हसणं कमी झालं. बल्ब बदलायचा असला तरी वडिलांना हाक मारायला लागली. बारावीनंतर तिने कॉमर्स घेतलं. ते माझ्यामुळे, असं म्हणणं म्हणजे पुन्हा स्वतःला मोठं करणं होईल. तिला हिशेबाचे विषय आवडतातही. पण माझा वाटा नव्हता, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

मध्यंतरी मुलगा स्वतःहून तिला म्हणाला, "तुझा कॉम्प्युटर जुना झाला, नवीन गेम चालत नाहीत म्हणतेस. घेऊ या का दुसरा? या वेळी तूच जोड हवा तर."

"नको. रेडीमेड घ्या," ती म्हणाली. "माझ्या हाताला नाही जमत ते."

तिने हे कुरकुरत म्हटलं नाही. आपली उंची किंवा वजन सांगावं तसं सांगितलं. मला ते सोसवलं नाही. दुपारी ती गॅलरीत कपडे काढत असताना मी तिला सगळं सांगितलं. झाकण, कुंकू, रुमाल, सगळं.

ती कपडे हातात घेऊन उभी राहिली. मग विचारलं, "कुठल्या कोपऱ्यात?"

"खिडकीकडच्या... नाही, प्रोसेसर अडकवायचा लिव्हर असतो त्याच्या समोरच्या."

"बरोबर. तिथेच वाकल्या होत्या." "आजोबा, ज्यावरून जोडायला शिकले, तो व्हिडिओ मी नंतर इतक्या वेळा बघितला. माझा हात कुठे हलला असेल, ते शोधत होते. आणि तुम्ही मला म्हणालात, शिकताना होतं असं."

"हो."

"ते तुम्ही म्हणायला नको होतं."

कपडे खुर्चीवर टाकून ती आत निघून गेली. रात्री जेवताना तिने मला भात वाढला, पण माझ्याशी बोलली नाही. ते योग्यच होतं.

दिवाळीत मामा आला तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगितलं. मला वाटलं होतं, खोलीत शांतता पसरेल. मामा टाळी देत म्हणाला, "म्हणजे काका, तुम्ही मदरबोर्डची ओटी भरलीत म्हणा की!" बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अहो, नारळ नाही फोडलात त्यावर, हे नशीब!" मुलगाही हसला. मीसुद्धा, लिहायला लाज वाटते, थोडा हसलो. म्हाताऱ्याची गंमत म्हणून ती गोष्ट पहिल्या गोष्टीपेक्षाही जास्त रंगली.

हसणं ओसरल्यावर नात म्हणाली, "आणि मला कुणी सॉरी म्हणणार आहे का?"

"अगं, किती जुनी गोष्ट ती!" मुलगा म्हणाला आणि फराळाची ताटली पुढे सरकवली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी माझी चूक सांगितली होती, तिचं बरोबर असणं सांगितलंच नव्हतं. या दोन गोष्टी एक नव्हेत. म्हणून हे लिहिलं. तिने पार्ट बरोबर निवडले. तिने प्रोसेसर सरळ ठेवला. तिचा हात कुठेही हलला नाही. मी पाहत होतो.

हे मी तिला आधी वाचायला दिलं. तिने एकच दुरुस्ती सांगितली, "जेवायला उठले नाही असं लिहिलंय. उठले होते. जेवले नव्हते." तसं ते इथे नोंदवतो. मुलालाही वाचायला दिलं. तो तिच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आत काय बोलणं झालं, मला माहीत नाही.

परवा आम्ही तिघे ठाण्याला नवे पार्ट घ्यायला गेलो. खरं कळलं म्हणून ती एकदम पूर्वीसारखी होईल, अशी आशा मी मनात धरली होती. तसं झालं नाही. दुकानातच जोडून घ्यायचं, हे तिने घरीच सांगून टाकलं होतं. काउंटरमागचा तरुण जोडायला लागला, ती समोर हाताची घडी घालून उभी राहिली. त्याने झाकण काढलं तेव्हा तिने मान दुसरीकडे वळवली. प्रोसेसर बसला, वर कूलरची पेस्ट लागली. तो रॅम लावायला लागला.

"त्या नाही," ती म्हणाली. "एक सोडून एक खाचा."

"चालतं तसंही, मॅडम."

"चालतं, पण अर्ध्या वेगाने चालतं."

त्याने पट्ट्या काढल्या, तिच्याकडे पाहिलं आणि काउंटरवरून तिच्या बाजूला सरकवल्या. "घ्या, तुम्हीच लावा मग."

तिने घेतल्या नाहीत. आधी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी काठी घेतली आणि दुकानाबाहेर येऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.