माळ घालून वजडी

आमच्या आकुर्डीच्या चाळीत शेजारी एक काका होते, कंपनीत वॉचमन. पक्के माळकरी, अंड्यालासुद्धा शिवायचे नाहीत. पण रात्रपाळीवरून येताना खाटकाकडची उरलीसुरली वजडी स्वस्तात आणायचे. गळ्यातली माळ खुंटीला लावायची, वजडी कच्चीच बारीक कापायची, गाजराची सालं कालवायची आणि दारातल्या दोन कुत्र्यांपुढं दोन ताटल्यांत ठेवायची, "जेवा, माउली!" मग हात धुऊन माळ परत गळ्यात.

मला बाई धडकीच भरायची! कच्चं मांस खाणारी कुत्री माझ्या रांगत्या बाळाला सोडतील का? काका म्हणायचे, "सूनबाई, पोट भरल्यालं कुत्रं चावत न्हाई."

एकदा मी नळावर होते, वळून बघते तर बाळ कुत्र्यांच्या ताटलीत, मूठभर वजडी तोंडात! मी किंचाळले. काका माळेसकट धावले, बाळाच्या तोंडात बोट घालून सगळं काढलं. कुत्री बिचारी लांब बसून बघत होती.

काकांनी बरबटलेले हात बघितले, गळ्यातली माळ बघितली आणि म्हणाले, "कुत्री शहाणी हायेत, सूनबाई. तुमचंच हावरट हाय!" मी रडता रडता हसतच सुटले.

दुसऱ्या दिवशी काकांच्या ताटल्या तीन. तिसरीत उकडलेलं गाजर. बाळाला मीच नेऊन बसवलं, कुत्र्यांच्या मधोमध.

"जेवा, माउली!"