तीन मजली चष्मा

सोलापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात, ऐन मंगलाष्टकांत, यज्ञेश्वर गुरुजींना देवी दिसली, अशी कुजबुज पुण्यात बरेच दिवस चालली होती. देवी म्हणे स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात उभी होती. गुरुजी तिच्याकडे बघत थिजले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मुहूर्त जागच्या जागी थांबला. मुहूर्त कसा थांबेल, हे विचारायचं नाही. अफवेला पुण्यातसुद्धा पंचांग लागत नाही.

बातमी मंडईत पोचेपर्यंत देवीच्या अंगावर शालू आला होता. हडपसरला पोचली तेव्हा हातात कमळही होतं. तिथे तेव्हा काचेच्या इमारती भराभर उठत होत्या, आणि त्यांतली कॉम्प्युटरवाली मुलं फोन करून विचारायची, "ते देवी दिसणारे गुरुजी अव्हेलेबल आहेत का?"

आता मूळ भानगड ऐका. ती चष्म्याची.

गुरुजींचे चष्मे दोन. एक पोथीचा, एक लांबचा. एक नाकावर असला की दुसरा कपाळावर. भर लग्नात त्यांची अदलाबदल इतक्या सफाईने चाले की वऱ्हाडी मंडळी तो विधीच समजत. पण एका वास्तुशांतीला, हातात तुपाची पळी असताना, कपाळावरचा चष्मा घसरला तो थेट होमात. यजमानांनी भक्तिभावाने 'स्वाहा' म्हटलं.

मुलगा आमोद हडपसरच्याच एका कंपनीत. तो म्हणाला, "बाबा, आता प्रोग्रेसिव्ह घ्या. एकाच काचेत सगळं."

चष्मेवाल्याने समजावलं, "वरच्या भागातून लांबचं, खालच्यातून वाचायचं, मधल्यातून कॉम्प्युटर. जिकडे बघायचंय तिकडे नाक न्यायचं. नुसते डोळे फिरवलेत तर गरगरेल."

"कॉम्प्युटर? मी काय त्याच्यावर सत्यनारायण घालणार आहे?"

"मधलं वजा करून मिळत नाही," चष्मेवाला म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पहिल्याच दिवशी घराचा जिना लाटांसारखा हलू लागला. पायरी दिसावी म्हणून गुरुजी हनुवटी छातीला टेकवून उतरू लागले. खालच्या मजल्यावरच्या रतनशेठना वाटलं, हे रोज आपल्या दाराला नमस्कार करतात. तेही उलट करू लागले. वाचायला मात्र नेमकी उलटी तऱ्हा, हनुवटी आभाळाला. मंडईत नाक वरखाली करत गुरुजी वांग्यांपुढे उभे राहिले, तेव्हा बायडाबाई भाजीवाली म्हणाली, "गुरुजी, वांगी घेताय का ओवाळताय?"

"बघतोय."

"बघा, बघा. वांगं काय पळून जातंय व्हय?"

हसण्यावारी नेण्यासारखंच होतं सगळं, पण जुन्या यजमानांच्या सलोनीचं लग्न तोंडावर आलं होतं. तिच्या वडिलांची मुंज, तिचं बारसं, सगळं गुरुजींनीच केलेलं. संस्कृत मंगलाष्टकं त्यांना झोपेतही आली असती. पण तिच्या हेमाकाकूने नवी रचली होती. दोन्हीकडचे आत्या-मामा, काका-मावश्या वृत्तात कोंबून बसवलेल्या, आणि सगळं कॉम्प्युटरवर मुंगीएवढ्या वेलबुट्टीदार अक्षरांत छापलेलं. एक जरी मामा सुटला तरी दोन घरांत कायमचा अबोला. घरी म्हणून पाहताना गुरुजींचे दोन मामा सुटले आणि एक मावशी दोनदा आली.

त्यांनी कागद खाली ठेवला. "तिथे अडखळलो तर संपलं. पुन्हा लग्न लावायचं नाही."

ओट्यापाशी कणीक मळणाऱ्या श्यामलाबाई म्हणाल्या, "अहो, मग पोथीचाच लावून जा की."

"आणि घड्याळ कोण बघेल? भिंतीवरचं?"

"मी बघते. मी येते अक्षता वाटायला."

सगळा संसार झाला, पण गुरुजींनी लावलेल्या लग्नाला श्यामलाबाई कधी गेल्या नव्हत्या. नवऱ्याच्या कचेरीत जाऊन कोण बसतं?

लग्नात अंतरपाट धरला गेला. अलीकडे सलोनी, पलीकडे योगेश, दोघांच्या हातांत हार. अक्षतांच्या मुठी वळल्या. गुरुजी शेवटी नवाच चष्मा लावून आले होते. त्यांनी कागद हातात घेतला, हनुवटी उचलली. अक्षरं पोहत होती. नाक किंचित खाली, किंचित डावीकडे... आणि अक्षरं थांबली. एकेक मामा आपापल्या जागी बसलेला. गुरुजींचा आवाज मोकळा झाला. मध्येच नाक वर नेलं तर भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा दिसला. पुन्हा कागद, पुन्हा घड्याळ. लहान मुलाने दिव्याचं बटण खालीवर करावं तसं चाललं होतं.

शेवटची ओळ झाली. 'सावधान' तेवढं राहिलं. कागदावरून घड्याळाकडे निघालेलं नाक वाटेत अडलं.

कोपऱ्यात अक्षतांचं तबक घेऊन श्यामलाबाई उभ्या होत्या. घरी खुर्चीपासून ओट्यापर्यंत असतं, नेमक्या तेवढ्या अंतरावर. पोथीच्या चष्म्याला ते लांब पडे, लांबच्याला जवळ. कित्येक वर्षं त्या अंतरावरची बायको म्हणजे बोलणारं धुकं. आता हनुवटीवरचं गोंदण दिसलं. गालावरची, पूर्वी नसलेली, बारीक जाळी दिसली. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं. ओठ हलत होते. त्या ओठांवर शेवटची ओळ होती, अख्खीच्या अख्खी, शेवटच्या मावशीसकट. हातात कागद नव्हता. नवरा अडखळला तर सांगायला हवं म्हणून बाईंनी सगळं पाठ केलं होतं.

गुरुजी बघत राहिले. मागच्या रांगेत कोणीतरी हात जोडले, आणि शेजारणीनेही जोडले.

"गुरुजी, हात दुखले," अंतरपाटाआडून सलोनी पुटपुटली.

"अहो! घड्याळ!" श्यामलाबाई दबक्या आवाजात खेकसल्या.

"साऽऽवधान!" असा आवाज गुरुजींना तरुणपणीसुद्धा लागला नव्हता.

गुरुजींनी पुढे पुष्कळ लग्नं लावली. देवी खरंच दिसली का, असं विचारलं की नाक विचारणाऱ्याच्या तोंडासमोर आणून सावकाश खालीवर करत आणि म्हणत, "दिसायचं ते दिसलं."

देवी नव्हती. त्या कोपऱ्यात त्यांची बायको उभी होती, आणि गुरुजींनी नव्या चष्म्याच्या मधल्या भागातून तेव्हा पहिल्यांदा पाहिलं होतं.