भोंग्यातून निघालेला माझा टोन

गिटारवाल्या भावांनो, आज केशोरीला दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत आमच्या ऑर्केस्ट्रात माझी इज्जत गेली.

इलेक्ट्रिक गिटारला मोठ्या अँप्लिफायरचा आवाज देणारा डिजिटल प्रोसेसर घेतल्यापासून तीन महिने मी एकच टोन बनवून राहिलो होतो. हेडफोनमध्ये ऐकला की अंगावर काटा यायचा.

आज दुपारी स्टेजवर पाहतो तर साउंडवाल्या भाऊनं माझी लाइन भोंग्यांना जोडलेली. स्पीकर नाहीच. मी म्हटलं, "भाऊ, यात गिटार नाही वाजत." तो म्हणाला, "भोंगे नाही लावले तं शेजारच्या गावाले मंडई कशी समजन?"

सोलो सुरू केला आणि पत्र्यावर खिळा घासल्यासारखा आवाज निघाला. ट्रेबल कमी केला, गेन पार उतरवला, काहीच फरक नाही. लोक उठून आकाशपाळण्याकडे गेले.

खाली उतरलो तर बाबा खुश. म्हणाले, "घरी वाजते तशीच तं वाजली. तोंड काऊन पाडून राहिला?"

घरी हेडफोन माझ्या कानात. बाबांनी तीन महिने नुसती तारांची टिणटिण ऐकली. तो टोन माझ्याशिवाय कोणीच ऐकलेला नाही.

उद्या दुसऱ्या मंडईत हेच भोंगे आहेत. त्यातून गिटार गिटारसारखी कशी काढायची, कोणाला माहीत असेल तर आजच सांगा. बाबा उद्या पण येऊन राहिले आहेत.