डाव्या हाताचा खराटा

मी दोंडाईच्याला शाळेत विज्ञान शिकवते. भूतबीत, अंगात येणं, लिंबू-मिरची... असलं कोणी माझ्यापुढे काढलं की त्याची अशी खेचते की पुन्हा नाव काढत नाही. तेव्हा हे वाचून तुम्ही माझी खेचलीत तरी तक्रार नाही. पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

माझं माहेर साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराला लागून. शेताच्या वरच्या अंगाला, जंगल सुरू होतं तिथे, आमचा मोह आहे — होता. त्याची फुलं फुई वेचायची. फुई म्हणजे माझी आत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मला आणि धाकट्या संजूला तिनेच वाढवलं. पुढे तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, हात लुळा पडला. पण बाई स्वस्थ बसेल तर शपथ!

आमच्याकडे फाल्गुनात मोह गळायला लागला की लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. काळ्या जमिनीवर पिवळी फुलं पटकन दिसतात, वेचणं सोपं जातं. पण त्या आगीत लहान रोपं जळतात, बिया तर आधीच तेलासाठी वेचून नेलेल्या... म्हणून आमच्या डोंगरावर म्हातारे मोह दिसतील, तरणा एकही नाही. फुई कधी पेटवायची नाही. डाव्या हाताने खराटा मारायची. तिचे फराटे उलटे पडायचे, पाचोळा उजवीकडे जायचा. आम्ही चिडवायचो, "फुई, तुन्हा खराटा बी डावखुरा!" तीही हसायची.

काही वर्षांपूर्वी संक्रांतीला गेले तर ती अंथरुणावर. मला एकटीला जवळ बसवलं. "मोहना झाडखाले एक रोप उगेल शे, मोठा दगडना आडे. संजूले सांगू नको, त्यान्हा पोटमा काय ऱ्हात नई... बठ्ठा गाव बकऱ्या लई येई. म्हातारं झाड आज ना उद्या जाईच, पोरी. त्यान्हा मांगे कोन शे? तू राखशी ना?"

मी हो म्हटलं. ती महिनाभरही राहिली नाही.

फाल्गुनात संजूचा फोन आला, मोह गळायला लागलाय. रविवारी निघाले. बांधावर पोहोचले तर वर धूर! संजू हसत खाली येत होता. "ताई, तुले येचाले सोपं पडी म्हनीसन सकायीच आग लाई दिनी!" त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं हो, अख्खा गाव तेच करतो. मी वर पळत सुटले.

झाडाखाली सगळं काळं. आणि त्या दगडाच्या आडोशाला... खाटेएवढी जागा स्वच्छ झाडलेली. मधे वीतभर रोप. एक पानसुद्धा करपलं नव्हतं. मातीत खराट्याच्या काड्यांच्या रेघा — उलट्या. उजवीकडे सारलेल्या पाचोळ्याच्या ढिगाची राख झालेली. मागून संजू धापा टाकत आला, त्याला विचारलं,

"संजू, इथं खराटा कोणी मारला?"

"मी कसाले मारू वं? आगच लावनी शे ते खराटा कसाले?" मग त्याला रोप दिसलं. "हाई कव्हय उगनं?"

वारा पाचोळा उडवतो, कबूल. पण वारा रेघा ओढत नाही. आणि फुलं गळायच्या दिवसांत दुसऱ्याच्या मोहाखाली आमच्या गावात कोणी पाय ठेवत नाही, ती रीतच आहे. घरी जाऊन पाहिलं. फुईचा खराटा पडवीत होता तिथेच टांगलेला, त्यावर कोळ्याचं जाळं.

पण खरं दुःख पुढेच आहे. मोहाचं खोड एका बाजूने पोकळ होतं, आग त्या ढोलीत शिरली होती. आम्ही हंड्यांनी पाणी ओतलं, चिखल थापला. आतला धूर काही थांबेना. झाड तसंच धुमसत राहिलं आणि मंगळवारी दुपारी कडाडून पडलं... फांद्यांवर फुलं होती तशीच.

संजू त्याच्या बुंध्याशी बसून हमसून हमसून रडला. लहानपणी फुईच्या मांडीवर रडायचा, तसा.

रोप आता माझ्या कमरेला लागतं. फाल्गुन लागला की संजू स्वतः खराटा मारतो, गावात पेटवणाऱ्यांशी भांडतोसुद्धा. मी अजून विज्ञानच शिकवते. त्या रेघांचं कारण मला आजतागायत सापडलेलं नाही, आणि खरं सांगू, मी आता शोधतही नाही.

त्या मंगळवारी संजूने मला विचारलं होतं, "ताई, तिनी मोठं झाड कसाले नई वाचाडं? तठे बी मारती ना खराटा..."

मला रडू आवरेना. म्हटलं, "तिले एकच हात व्हता रे, भाऊ. कितलं झाडी ती?"